बोर्ड गेमच्या गप्पांना घर कुठे बांधावे?

हौशी खेळाडूंच्या गटाला ऑनलाइन चर्चेसाठी जागा निवडायची असते तेव्हा वाद बहुधा ॲपच्या नावावरून सुरू होतो, आणि पुण्यातल्या आमच्या बोर्ड गेम खेळणाऱ्या मंडळींमध्येही तसाच तो झाला. माझे म्हणणे असे की, आपल्या बोलण्यातले काय टिकायला हवे आणि काय वाहून गेले तरी चालेल, हे आधी ठरवावे. रविवारी कोण येणार आणि कोणता खेळ कोण आणणार, हे सोमवारी कोणालाच नको असते. नियमांचा उलगडा मात्र वर्षादोन वर्षांनीही लागतो.

चौकोनी तुकडे जुळवून शहरे, रस्ते आणि शेतांचा नकाशा तयार करायच्या ‘कॅरकॅसॉन’ या खेळाचेच पाहा. शेतात आडव्या ठेवलेल्या सोंगटीला, म्हणजे शेतकऱ्याला, शेवटी किती गुण मिळतात हा प्रश्न प्रत्येक नवा खेळाडू विचारतो. एक जण पूर्ण झालेल्या प्रत्येक शहरामागे 4 गुण सांगतो, दुसरा 3 सांगतो, आणि दोघेही बरोबर असतात. 2000 सालच्या मूळ नियमांत एका शहराचे 4 गुण एकदाच मोजले जात आणि त्या शहराभोवती ज्याचे शेतकरी सर्वाधिक, त्याला ते मिळत. पुढच्या आवृत्त्यांत हिशेब शेताच्या बाजूने होऊ लागला, म्हणजे शेताला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण शहराचे 3 गुण, आणि एकच शहर दोन शेतांना लागून असेल तर ते दोन्हीकडे धरायचे. हा खुलासा कोणीतरी व्हॉट्सॲपवर मन लावून लिहितो, दोन दिवसांत तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा येतो.

तरीही व्हॉट्सॲप सोडावे असे मी म्हणणार नाही. ते सगळ्यांच्या फोनवर आधीपासून असते, वेगळे लॉगिन लागत नाही, आणि 1024 सदस्यांची मर्यादा आमच्यासारख्या गटाला कधी आड येणार नाही. खरी अडचण फोन क्रमांकाची आहे. अनोळखी माणसांच्या गटात आपला क्रमांक सर्वांना दिसावा हे अनेकांना, विशेषतः महिला खेळाडूंना, रुचत नाही, आणि त्यात त्यांचे काहीच चुकत नाही. (ॲडमिन व्हायला कचरणाऱ्यांसाठी एक दिलासा: सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे.)

आमच्यातल्या तरुण मंडळींचा कौल डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपला होता. ज्यांना घरबसल्या रोल-प्लेइंग खेळ (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ) खेळायचा आहे त्यांच्यासाठी त्याला तोड नाही, कारण बोलण्याच्या खोल्या, फासे टाकणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) आणि 2022 पासून विषयवार चर्चेचे कप्पे हे सगळे तिथे एकाच ठिकाणी मिळते. पण तिथली चर्चा गूगलवर शोधून सापडत नाही, आणि अख्ख्या सर्व्हरचा (डिस्कॉर्डवरच्या गटाच्या जागेचा) मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय कंपनीने दिलेली नाही.

या दुसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसलो, आणि त्याला कारण या छंदाचा इतिहास आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोल-प्लेइंग खेळाची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने स्वतःचे चर्चामंच 2015 मध्ये बंद केले. रोल-प्लेइंग खेळ रचणाऱ्यांचा मोठा गोतावळा गूगल प्लस या समाजमाध्यमावर होता, ते एप्रिल 2019 मध्ये संपले. युद्धखेळ खेळणाऱ्यांचे कितीतरी जुने गट याहू ग्रुप्स या ई-मेल गटांच्या सेवेवर होते. तिथल्या फाइली आणि छायाचित्रे आधी गेली, आणि डिसेंबर 2020 मध्ये सेवाच थांबली. यातल्या कोणत्याही गटाने काही वावगे केले नव्हते. जागा फुकट होती, पण त्यांची नव्हती.

मग उरते स्वतःची जागा. पीएचपीबीबी हे चर्चामंचाचे जुने आणि साधे सॉफ्टवेअर स्वस्त सामायिक होस्टिंगवरही (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवरही) चालते, मात्र फोनवर ते आता जुनाट वाटते. डिस्कोर्स (नावसाधर्म्यामुळे आमच्या चर्चेत याचा आणि डिस्कॉर्डचा अखेरपर्यंत घोळ होत राहिला) हेही चर्चामंचाचे सॉफ्टवेअर असून ते मुक्तस्रोत (कोणालाही फुकट वापरता आणि बदलता येणारे) आहे, फोनवर नीट दिसते आणि संपूर्ण बॅकअप उतरवून घेऊ देते. त्याला निदान 1 जीबी मेमरीचा लिनक्स सर्व्हर लागतो, म्हणजे महिन्याला साधारण पाचसहाशे रुपये, जे वर्गणीत सहज भागते. डोकेदुखी असते ती ई-मेलची. नोंदणीची आणि उत्तरांची सूचना मेलने जाते, आणि डोमेनच्या (संकेतस्थळाच्या नावाच्या) एसपीएफ व डीकेआयएम नोंदी, म्हणजे मेल खरोखर आपल्याकडूनच आल्याची खूण, नीट केल्या नाहीत तर ती थेट स्पॅममध्ये पडते. नवा सदस्य दोन दिवस वाट पाहतो आणि नाद सोडतो.

बोर्डगेमगीक हे बोर्ड गेमचे इंग्रजी संकेतस्थळ 2000 सालापासून असताना हा उपद्व्याप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. इंग्रजी नियमांचा कीस काढणारी चर्चा तिथे भरपूर आहे आणि ती आपण पुन्हा करू नये. मराठीत समजावून सांगितलेले नियम, कोणता खेळ आपल्याकडे कुठे मिळतो आणि आमचे घरगुती नियम एवढ्यापुरतीच आमची जागा असावी. शोधाच्या दृष्टीने एक पथ्य मात्र पाळावे लागेल. आमच्यातले निम्मे लोक देवनागरीत लिहितात आणि निम्मे रोमन लिपीत, त्यामुळे प्रत्येक विषयाच्या शीर्षकात खेळाचे नाव खोक्यावर छापले आहे तसेच लिहायचे आणि पुढे आवृत्तीचे साल टाकायचे.

शेवटी असे ठरले की भेटीगाठींची जुळवाजुळव व्हॉट्सॲपवर राहील, आणि नियम, परीक्षणे व खेळांची देवाणघेवाण डिस्कोर्सवर जाईल. डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचे यावर मात्र अजून एकमत नाही. ते कोणाही एकाच्या खासगी ई-मेलला बांधलेले नसावे आणि सर्व्हरचा पासवर्ड किमान दोघांकडे असावा, असा माझा आग्रह आहे. दर आठवड्याचा बॅकअप तिसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर उतरवायचा आहे. त्यासाठी अजून कोणी हात वर केलेला नाही.