आमच्या घरच्या टीव्हीबद्दल, तुम्ही विचारलेत म्हणून

दर दिवाळीच्या आसपास हा प्रश्न येतो. शाळेतले वर्गमित्र विचारतात, भाचरे विचारतात, गेल्या महिन्यात तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून, म्हणजे मला उत्तर देता येणार नाही अशा बेताने, विचारले: "सांगलीच्या गावभागात तुमच्या गल्लीतला पहिला टीव्ही तुमच्याकडे होता ना? रामायण बघायला सगळी गल्ली तुमच्या वाड्यात लोटायची ना? मग त्या आठवणी तुम्ही लिहीत का नाही?"

पहिला नव्हता, तिसरा होता. १९८५ साली आजोबांनी तो घेतला, तेव्हा गल्लीत आणखी दोन टीव्ही होते. पण त्या दोन्ही घरांची दारे बंद असत आणि आमचे उघडे असे, म्हणून लोकांच्या स्मरणात आमचा पहिला ठरला. दार आजोबांनी उघडे ठेवले होते, हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढचे वाचून कोणी त्यांच्या नावाने बोटे मोडावीत अशी माझी इच्छा नाही.

रस्ते ओस पडत, टीव्हीला हार घातले जात, गच्चीवरून "आलं का?" आणि खालून "गेलं!" असा अँटेनाचा संवाद चाले, हे सारे तुम्हाला पाठ आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. शिवाय मी काहीच लिहिले नाही असेही नाही. शाळेच्या स्मरणिकेत माझा एक लेख आहे आणि त्यात असे वाक्य आहे: "त्या एका खोलीत लहानथोर हा भेद उरत नसे." वाक्य माझे आहे, त्या वेळी मला ते फार आवडलेही होते, आणि ते खोटे आहे.

खुर्च्यांवर आजोबा आणि त्यांचे पेन्शनर स्नेही बसत. सतरंजीवर बायका आणि त्यांच्यापुढे मुले. माजघराच्या उंबऱ्याशी धुण्याभांड्याच्या मावशी बसत. रविवारी साडेनऊच्या आत त्यांनी काम आटोपलेले असे. बोळाकडे एक खिडकी होती, तिला उभे गज होते, आणि गजांपलीकडे उरलेली मुले. त्यांचे पाय मळके असतात म्हणून ती आत येत नाहीत, असे आम्ही म्हणत असू. माझे पाय काही फार स्वच्छ नसत. गंमत अशी की कोणी कोठे बसायचे हे कोणीही कधी सांगितले नव्हते, आणि तरी कोणाची जागा कधी चुकली नाही. १८ एप्रिल १९८६ रोजी शारजात मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा आतले आणि बाहेरचे सगळे सारखेच मुके झाले होते. पण तेही आपापल्या जागी.

रेडिओचे असे नव्हते. तो कोनाड्यात असे आणि ऐकायला वाड्याचा चौक पुरत असे. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानींचा आवाज सुरू झाला की भांडी घासणाऱ्याला, खाटेवर पडलेल्याला आणि बोळातून सायकल हातात धरून जाणाऱ्याला तो सारखाच ऐकू येई. सकाळच्या सांगली आकाशवाणीचेही तेच. टीव्हीसमोर मात्र आधी बसावे लागते, आणि बसायचे म्हटले की कोठे, हा प्रश्न येतोच. हे मला अलीकडे सुचले. स्मरणिकेतल्या बाईला सुचले नव्हते, किंवा सुचून तिने ते गिळले असावे.

आता त्या रविवारबद्दल. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात चालले. मी सांगते आहे तो रविवार १९८७ चा पावसाळा सरल्यानंतरचा. मी पाचवीत होते. खिडकी पूर्वेची असल्यामुळे ऊन पडलेल्या दिवशी टीव्हीच्या काचेवर उजेडाचा पट्टा येई आणि त्यात राम दिसला तर लक्ष्मण दिसत नसे. "उजेड येतोय," असे आजोबा म्हणाले. मी उठले आणि खिडकीच्या झडपा लावल्या.

पुष्कळ वर्षे मी ही हकीकत, जेव्हा सांगितली तेव्हा, एवढीच सांगत आले. आजोबांनी सांगितले, मी लावल्या. पण आजोबा "उजेड येतोय" हे दर रविवारी म्हणत, आणि दर रविवारी कोणी तरी उठून पडदा अर्धा ओढून घेई. उरलेल्या अर्ध्यातून बाहेरच्यांना दिसत राही. पडदा होता. निळ्या फुलांचा, आईने शिवलेला. मी झडपा लावल्या.

गजांना धरून माझ्याच वर्गातला एक मुलगा उभा होता, त्या मावशींचा. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तो आजही सांगलीतच असतो. त्या आठवड्यात फळ्यावर माझे गणित चुकले होते आणि तो हसला होता. त्याची बोटे गजांतून आत आलेली होती. ती मला दिसली होती का? दिसली होती, असे वाटते. मग दुसऱ्या दिवशी वाटते की मी टीव्हीकडे बघत होते. झडप नीट बसेना म्हणून मी तिला जोर दिला, एवढे मात्र हाताला पक्के आठवते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर सगळ्यांनी "श्श" केले असते. मी झडप सैल केली, बोटे गेली, मी पुन्हा लावली आणि कडी घातली. आत त्याची आई हात जोडून राम बघत होती.

सोमवारी भांडी घासायला आल्यावर त्या आजीला म्हणाल्या, "पोरानं बोट दारात चेंगरून घेतलंय, आक्का. चिमूटभर हळद द्या." दारात, असे म्हणाल्या. आजीने डब्यातून हळद काढून दिली आणि पोरांकडे लक्ष ठेवायला नको का, असे वर ऐकवलेही. मी तेथेच दप्तर भरत होते. मावशींनी माझ्याकडे पाहिले नाही. त्याने त्यांना खरे सांगितलेच नव्हते, की सांगितले होते आणि पुढच्या महिन्याच्या पगाराचा विचार करून त्यांनीच खिडकीचे दार केले, हे मला कळलेले नाही. त्या आता नाहीत.

माझे यजमान म्हणतात, दहा वर्षांच्या मुलीच्या हातून घडलेल्या गोष्टीचे एवढे काय घेऊन बसायचे. अपघात कोणत्याही खिडकीत होतो. मान्य आहे. पण खोलीत बसलेल्या मुलांपैकी कोणाचीही बोटे त्या झडपेत सापडणे शक्य नव्हते. आणि हे लिहिताना मला आजोबांची बाजूही घ्यावीशी वाटते: त्यांनी दार लावून घेतले असते तर ना कोणाला रामायण दिसले असते, ना कोणाचे बोट चेंगरले असते. यातले बरे कोणते, हे मला खरोखर सांगता येत नाही. टीव्ही नको होता, असे तर मी मुळीच म्हणणार नाही. गुरुवारी रात्रीपासून मीच रविवारची वाट बघत असे.

गेल्या वर्षी आमच्या तुकडीचा स्नेहमेळावा झाला. त्याने माईक हाती घेतला आणि म्हणाला, "हिच्या घरची खिडकी म्हणजे आमचं थिएटर होतं. तिकीट नाही, काही नाही." सगळे हसले, टाळ्या पडल्या. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख मला पाहायचे होते. पण माईक त्याच हातात होता आणि बोटे त्याच्याभोवती मिटलेली होती.

चहाच्या वेळी तो स्वतः माझ्याकडे आला. "त्या टीव्हीवर लिही की काहीतरी. तू लिहितेस ना?" मी हो म्हटले. मग त्याने विचारले, "ती खिडकी आहे का अजून?"

२०१९ च्या महापुरात पाणी शिरल्यावर वाड्याच्या भिंती खचल्या, आम्ही तो उतरवला, आणि दारे-खिडक्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दिल्या, असे मी त्याला सांगितले.

"मला विचारायचंस," तो म्हणाला. "मी घेतली असती."

कशाला, हे मी विचारले नाही.