किंडरवरचा वारा

"६३६ मीटर? म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी!" मँचेस्टरहून एडेलला जाणाऱ्या गाडीत किंडर स्काउटची उंची ऐकून मी हे म्हटलं आणि मावसबहीण नुसती हसली. ताई इथे बारा वर्षं राहते. मी पुण्याहून महिन्याभरासाठी आलेली, सिंहगडावर मुरलेले बूट पायात घालून.

किंडर स्काउट हा इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला सगळ्यात उंच भाग. त्याला शिखर असं नाहीच. वर पसरलेलं पठार, ज्याला इथे मूर म्हणतात. आपला कोकणातला सडा आठवावा, फक्त जांभ्याऐवजी काळा, लोण्यासारखा पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा, चिखल आणि ऑक्टोबरात तपकिरी पडलेली हेदरची झुडपं. वाट एडेलच्या स्टेशनापासूनच चालू होते. तीच पुढे पेनाइन वे नावाची लांब पायवाट म्हणून ४३१ किलोमीटर स्कॉटलंडपर्यंत जाते. आम्हाला त्यातले जेमतेम नऊ चालून परतायचं होतं.

जेकब्ज लॅडरच्या पायऱ्यांपर्यंत सगळं छान. मेंढ्या, दगडी बांध, ओढ्यावरचा छोटा पूल. चढ अर्धा झाला आणि समोरून, पश्चिमेकडून, वारा आला. पावसाळ्यात राजमाचीला वारा खाल्लाय मी, पण तो झोडपतो आणि जातो. हा जातच नाही! अंग पुढे टाकून चालायचं, आणि मध्येच तो क्षणभर थांबला की तोंडावर आपटायचं. दोनदा आपटले. ताईने नकाशा उघडला तर तो फडाफड तिच्याच गालावर बसायला लागला. शेवटी तिने तो जर्किनच्या आत कोंबला.

"अगं, काठी वाऱ्याच्या बाजूला टेक!" ती ओरडली. मला फक्त "काठी" ऐकू आलं.

किंडर लो नावाच्या उंचवट्यावरच्या मोजणीच्या खांबाजवळ एका मोठ्या खडकाआड बसलो. थर्मासमधून ओतलेला चहा कपात पडायच्या आधीच आडवा झाला आणि ताईच्या बाहीवर गेला. पोळीचा रोल मी दोन्ही हातांत धरून, खारीसारखा खाल्ला. तेवढ्यात हेदरमधून एक ग्राउज फडफडत उठला. त्याचं ओरडणं ऐकून इंग्रज म्हणतात, तो "गो बॅक, गो बॅक" म्हणतो. पटलं मला.

याच पक्ष्याच्या शिकारीसाठी जमीनदारांनी ही पठारं एके काळी लोकांना बंद ठेवली होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार, बहुतेक तरुण पोरं, हेफील्डच्या बाजूने ठरवून इथे घुसली. पाच जणांना तुरुंगवास झाला. आठवडाभर गिरण्या-कारखान्यांचा धूर खाणाऱ्यांना रविवारी मोकळी हवा हवी होती, एवढंच. आणि मी त्या हवेला शिव्या घालत बसले होते.

पेनाइन वेवर बऱ्याच ठिकाणी चिखलावर मोठाल्या फरशा टाकल्यात. त्यातल्या पुष्कळशा पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतल्या. ताईने दाखवली त्या एका फरशीत अंगठा मावेल एवढं गोल भोक होतं, यंत्राचा बोल्ट बसायचा ते. आमचे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते. त्या भोकात साचलेलं पाणी वाऱ्याने थरथरत होतं. दोघीही काही बोललो नाही. बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.

पुढे कड्याच्या काठाने किंडर डाउनफॉल. वारा डावीकडून, म्हणजे आम्हाला दरीपासून आत ढकलणारा. उलटा असता तर ताईने तिथूनच परत फिरवलं असतं. हा धबधबा तीसेक मीटरचा. कडा पश्चिमेला तोंड करून, नरसाळ्यासारखा, त्यामुळे वारा थेट आत शिरतो आणि पाणी खाली पडूच देत नाही. लांबून वाटलं धूर निघतोय. जवळ गेलो तर खालून वर पाऊस. नाणेघाटातला उलटा धबधबा मी पाहिलाय, पण तो कोमट. हे पाणी सुयांसारखं टोचत होतं.

ठरलं होतं पठाराला वळसा घालून ग्राइंड्सब्रुकने उतरायचं. ताई म्हणाली, "आल्या वाटेने." मी वाद घातला नाही, हे माझ्या बाबतीत नवलच. पाठीवर वारा घेऊन जेकब्ज लॅडर उतरताना गुडघ्यांचे हाल झाले, थांबायला ब्रेकच लागेना.

एडेलला गाडी दोन मिनिटांनी चुकली. पुढची तासाभराने. फलाटावर बसून बूट काढले, मोजे पिळले, आणि वर पाहिलं. समोरच्या झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.