मामा तलावाच्या पाळीखाली चार रात्री: नवेगावबांधकडची कॅम्परव्हॅन सहल

पोरांना समुद्रकाठी व्हॅन लावून राहायचं होतं. पण नागपूरहून समृद्धीनं मुंबईच्या दाराशी पोचायलाच 701 किलोमीटर, आणि कोकण त्याच्याही पुढे. सुट्टी पाच दिवसांची. मग मी म्हटलं, पाणीच पाहायचं तर आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, काय कमी आहे? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं निघालो ते गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या बाजूला.

नागपूरहून अंतर जवळपास 150 किलोमीटर. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडायची, लाखनी, साकोली करत कोहमाऱ्याच्या चौकात उजवीकडे वळायचं. हायवे चांगला आहे, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. डिझेल, एटीएममधली रोकड आणि औषधं साकोलीतच घेऊन ठेवा. पुढे मोबाइलला रेंज असते-नसते, त्यामुळे प्रत्येक दुकानात स्कॅन करून पैसे जातीलच असं धरून चालू नका.

नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. पहिल्या दिवशी दुपारभर तिथं बसलो, पण मुक्काम तिथं केला नाही. तो भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा. वनविभागाला विचारल्याशिवाय जंगलात किंवा जंगलाच्या कडेला गाडी लावून झोपणं चूकच. आम्ही अलीकडच्या एका लहान गावात मामा तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, राहिलो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, तलाव राहिले, आणि ते नाव त्यांना चिकटलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथं एकच गाडी मावते. पण असे तलाव आणि अशी गावं या तालुक्यात पावलोपावली आहेत.

जागा कशी मिळवायची? दिवसाउजेडी गावात जा, गाडी चौकात उभी करा आणि पायी फिरून विचारा. आम्ही आधी सरपंचांना भेटलो, त्यांनी एका शेतकऱ्याच्या आवाराकडे बोट दाखवलं. घरधनी साठीतले. आम्ही त्यांना मामाजी म्हणू लागलो आणि चार दिवस त्यांचेच झालो. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी विजेचे म्हणून मामीजींच्या हातात ठेवले. हे तुम्हीही कराच. व्हॅनमध्ये पलंग असतो, शेगडी असते, पण पाणी, वीज आणि रात्रीची निर्धास्त झोप गावच देतं.

पहिल्याच संध्याकाळी माझी चूक झाली. तलाव समोर दिसावा म्हणून मी गाडी आवारातून पुढे, धानाच्या बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, कडेला घेतली. मामाजी ओरडले, "तेथी नोको लावू जी, फसते!" तोवर मागचं डावं चाक अर्धं आत गेलं होतं. धान कापून झालं होतं, वरून जमीन कोरडी भेगाळलेली दिसत होती, पण चार बोटं खाली चिखल तसाच ओला. मी ॲक्सिलरेटर दाबला तसं चाक आणखी खाली बसलं. मामाजींनी मला खाली उतरवलं. फावड्यानं चाकापुढची माती उतारासारखी कापली, तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, दोन भारे पसरले, त्यावर एक जुनी फळी टाकली, आणि शेजारच्या ट्रॅक्टरनं हळू ओढून गाडी काढली. तेव्हा ध्यानात ठेवा: बांधीच्या कडेला कॅम्परव्हॅन कधी नेऊ नका. आत पाण्याची टाकी, बॅटऱ्या, फर्निचर भरलेली गाडी दिसते त्याहून फार जड असते. उंचीचंही पाहा. गल्लीतल्या विजेच्या तारा आणि चिंचेच्या फांद्या छताला लागतात, म्हणून एकानं खाली उतरून पुढे चालावं.

दुसरा त्रास बॅटरीचा. गाडी भाड्यानं देणाऱ्यानं सांगितलं होतं की छतावरच्या सोलरवर सगळं चालतं. दुसऱ्या रात्री अकराला दिवे आणि पाण्याची मोटर दोन्ही बंद. डिसेंबरचं ऊन मंद, त्यात आम्ही झाडाखाली उभे. घरातल्या 15 अँपिअरच्या प्लगवरून वायर ओढली तेव्हा काम झालं, पण आमची वायर अपुरी पडली, दुसरी मागावी लागली. ताबा घेताना गाडीतल्या दिव्यांची-मोटरची बॅटरी इंजिनवर चार्ज होते की नाही ते स्वतः चालवून बघा. थंडीही हलकी समजू नका. पहाटे काचांवरून आतून पाणी ओघळतं, गाद्या भिजतात. एक खिडकी बोटभर उघडी ठेवली की बरं पडतं. शेगडी पेटलेली असताना तर ती उघडी हवीच.

सांडपाण्याबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. साबणाचं पाणी पाळीवरून खाली सोडायचा मोह होईल. सोडू नका. हा तलाव ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं आहे, त्यांची चूल त्यावर पेटते. याच तालुक्यात ढिवर बायांनी तलावांतली बेशरमाची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आहेत, मासे परत यावेत म्हणून. आम्ही बादल्यांनी पाणी नेऊन मामाजींच्या शोषखड्ड्यात ओतलं. शौचालयाची पेटीही त्यांना विचारून त्यांच्याच संडासात रिकामी केली. गळ टाकायचा असेल तर तेही आधी संस्थेला विचारा.

तिसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं होतं की आधी आवाजच आला, डोंग्याच्या कडेवर बांबू आपटल्याचा. मग एक म्हातारा ढिवर काठाला लागला. त्यानं जाळं मांडीवर घेतलं आणि त्याचं एकेक भोक बोटांनी चाचपत मासा सोडवू लागला. डोळे पाण्याकडे, बोटं जाळ्यात. एक मरळ घमेल्यातून उसळून चिखलात पडली, माझी मुलगी मागे सरली, त्यानं न बघता ती अलगद उचलून परत टाकली. आम्ही तीच मरळ विकत घेतली. मामीजींनी लाल रस्सा केला. मऊ भात, वर तो रस्सा; पोरांनी दोनदा मागून घेतला.

अंधारानंतर पाळीवर फिरू नका. रानडुकरं येतात, अस्वल-बिबट्याचं भय असतंच. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत जवळ कुठं नाटक असलं तर गावकऱ्यांसोबतच जा. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी गाडी चालवायचा बेत ठेवू नका.

निघताना मामीजींनी उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी दिली. फेब्रुवारीत परत यायचं कबूल केलंय. त्या वेळी सोबत 20 मीटरची जाड वायर आणि चाकाखाली टाकायला दोन फळ्या असतील.