इथं काय कमी होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, बर्डीवर भाजी घेताना, बँकेत पासबुक भरून घेताना, कोणी ना कोणी विचारतंच: "काकू, नागपुरात काय कमी होतं, की तुम्ही पाच महिने नेपाळात जाऊन राहिल्या?" मागोमाग आनंदवनाचं नाव निघतं. वरोरा इथून शंभर किलोमीटर. बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ सालची. तिथं अंध मुलांची शाळा आहे, कर्णबधिर मुलांची आहे, अपंगांना हाताचं काम शिकवणारं संधिनिकेतन आहे. काही करायचंच होतं, तर सकाळी निघून संध्याकाळी घरी येता आलं असतं.

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही पूर्ण द्यायला हवं. मी नागपुरातल्या एका कर्णबधिर शाळेत ३१ वर्षं शिकवलं. २०१८ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा मला माझ्या विद्यार्थ्यांची खुणांची भाषा येत नव्हती. ती शिकायची राहून गेली होती, आणि नागपुरात मी मॅडम होते. मॅडमला कोण शिकवणार?

भाषा येत नव्हती म्हणजे काय, ते सांगते. आमच्या वर्गात एक मोठा आरसा असायचा. मूल आणि मी त्याच्यासमोर शेजारी शेजारी बसायचो. 'प' शिकवताना तोंडापुढे कागदाची पट्टी धरायची. पट्टी हलली की 'प' आला. 'म'साठी मुलाचं बोट माझ्या नाकावर, 'ग'साठी हात गळ्यावर. कानाला मशीन, डोळे माझ्या ओठांवर आणि हात मांडीवर. "हात खाली!" हे मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन, त्याला हिशेब नाही. खुणा करू दिल्या तर मूल बोलायचा कंटाळा करेल, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. आम्ही तेच पालकांना सांगितलं.

ही समजूत एकट्या आमच्या शाळेची नव्हती. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. शिकवायचं ते बोलूनच, खुणांनी नाही, असा ठराव तिथं झाला आणि तो देशोदेशी पसरला. २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला याच परिषदेनं तो ठराव नाकारला, झालेल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या १३० वर्षांतली २३ वर्षं माझ्या वर्गात गेली, आणि खेद व्यक्त झाल्यावरही पुढची ८ वर्षं मी तेच करत राहिले.

बोलायला शिकवणं वाईट, असं मी म्हणत नाही. ज्यांना थोडंफार ऐकू येतं, ज्यांना अगदी लहान वयात मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र, मिळतं, अशी मुलं बोलायला शिकतात आणि त्यांना त्याचा फार उपयोग होतो. मला टोचतात ती बाकीची मुलं. तुम्ही आज आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा एकसारखेच मिटतात. घरातली तीन माणसं ओठांवर एकच होतात, आणि त्यातून वेगळी ओळखून दाखव, असं आम्ही सहा वर्षांच्या पोराला सांगायचो.

उमरेडकडचा एक मुलगा होता, वसतिगृहात राहायचा. आठ वर्षं माझ्या हाताखाली होता. एवढ्या वर्षांत त्याचे समजण्यासारखे शब्द झाले बारा-पंधरा. एकदा तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं. पाण्याच्या टाकीमागे मुलांचा घोळका होता आणि हा मधोमध उभा राहून आदल्या दिवशीची मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक सांगत होता. काळी मारबत, पिवळी मारबत, बडग्या, खांद्यावर बसलेली पोरं, गर्दीत हरवलेली कोणाची तरी चप्पल. यातलं मला जे कळलं, ते मारबत मी लहानपणापासून पाहत आले म्हणून कळलं. त्याच्या हातांतलं काही कळलं नाही. मुलं पोट धरून हसत होती. बारा शब्दांचा मुलगा अर्धा तास बोलत होता. आणि मी घंटा व्हायच्या आधी बाहेर जाऊन त्या सगळ्यांना पांगवलं.

निवृत्तीनंतर आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाबरोबर लुंबिनीला गेले. दीक्षाभूमीच्या या शहरातून सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी करणारे खूप, त्यामुळे सुनौलीची नेपाळ सीमा नागपूरकरांना काही नवी नाही. लुंबिनीहून पोखऱ्याला जाताना बुटवलच्या पुढे घाट लागतो आणि तानसेन येतं. पाल्पा जिल्ह्याचं ठाणं. डोंगराच्या उतारावर वसलेलं, पितळी करुवे, म्हणजे तोटीचे तांबे, आणि ढाका कापडासाठी नाव असलेलं गाव. तिथं आमची बस जेवायला थांबली. शेजारच्या घरातून मागाचा आवाज आला म्हणून मी डोकावले. माझं माहेर तांडापेठेतलं, कोष्ट्याचं. मागाचा आवाज आला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. आत सहा-सात बाया ढाका विणत होत्या, आणि त्या सगळ्या हातांनी बोलत होत्या. एकीनं आडवं सूत नेणारा धोटा थांबवून काहीतरी सांगितलं, दुसरीनं लांबच्या मागावरून उत्तर दिलं. मधे कोणी ओरडत नव्हतं. कोणी कोणाला थांबवत नव्हतं.

ती एक छोटी संस्था होती. कर्णबधिर माणसांनी चालवलेली, पगारी माणसं चारच. घरी आल्यावर मी त्यांना लिहिलं: मी ३१ वर्षांची अनुभवी शिक्षिका आहे, स्वखर्चानं येते, तुमच्याकडे शिकवीन. उत्तर दहा दिवसांनी आलं. आम्हाला शिक्षक नको आहेत, आमचे आम्ही आहोत. आणखी काय येतं तुम्हाला?

ते वाचून मला राग आला होता, हे मी लपवत नाही. दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग लिहिलं: मागासाठी सुताच्या कांड्या भरता येतात, देवनागरी वाचता-लिहिता येतं, स्वयंपाक येतो. त्यांनी लिहिलं, या.

२०१९ च्या फेब्रुवारीत राप्तीसागर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली, पुढे बुटवलची जीप. भारतीयांना व्हिसा लागत नाही. आपले शंभर म्हणजे तिथले एकशे साठ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, सुट्टी तेव्हा शनिवारची आणि रविवारी काम. हे सगळं एका दिवसात अंगवळणी पडलं. बाकीचं पडायला वेळ लागला.

पहिले तीन आठवडे मी कांड्या भरल्या. रहाटाजवळ बसायचं, लडीचं टोक शोधायचं, कांडीवर सूत घट्ट आणि एकसारखं घ्यायचं. ढिली भरली तर धोट्यात अडकते, सूत तुटतं, विणणारीचा खोळंबा होतो. आजीच्या हाताखाली शिकलेलं चाळीस-पन्नास वर्षांनी बोटांना आठवलं, पण पहिल्या दिवशी दोन कांड्या परत आल्याच. माझ्यापुढे ठेवून एका मुलीनं अंगठ्यानं दाबून दाखवलं: इथं पोकळ आहे.

संस्थेच्या प्रमुख दिदी जन्मापासून कर्णबधिर. रात्री जेवताना त्या आणि मुली गप्पा मारायच्या. हात इतके भराभर चालायचे, की एक खूण पकडेपर्यंत दहा निघून गेलेल्या असायच्या. सगळ्या हसल्या की मीही उगाच हसायची. एकदा न राहवून मी शेजारच्या मुलीला खुणेनं विचारलं, काय झालं? तिनं हात हवेत पुढे नेऊन सांगितलं: नंतर. आणि परत गप्पांत वळली.

नंतर. हा शब्द मी किती मुलांना दिला असेल! घरी पाहुणे जमलेले असतात, सगळे बोलतात, ते मूल आईचा पदर ओढून विचारतं काय म्हणताहेत, आणि आई म्हणते, सांगते नंतर. नंतर कोणी सांगत नाही. घरोघरी हेच चालतं, पालकच मला सांगायचे, आणि मी म्हणायची, त्याला ओठ वाचायला शिकवू. त्या रात्री मी माझ्या ताटातला भात संपवला आणि भांडी घासायला उठले. रडले, पण ते कोणाला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिदींनी मला बोलावून अक्षरं शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे मुलं इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी काढतात. नेपाळी सांकेतिक भाषेत क, ख, ग, घ एका हातानं काढतात. सांकेतिक भाषा जगभर एकच असते, हाही आपला गैरसमज. नेपाळची वेगळी, आपली वेगळी, काही खुणा जुळतात इतकंच. काठमांडूत १९६६ मध्ये कर्णबधिर मुलांची पहिली शाळा निघाली, तीही सुरुवातीला बोलायलाच शिकवायची. २०१५ च्या राज्यघटनेत मात्र नेपाळनं कलम ३१ मध्ये सांकेतिक भाषेतून मोफत शिक्षणाचा हक्क लिहून टाकला. दिदी ते कलम खुणांनी म्हणून दाखवायच्या. पाठ होतं त्यांना.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला खरं काम दिलं. खेड्यांतून कधी कधी अशी माणसं यायची, ज्यांना पंचविशी-तिशीपर्यंत कुठलीच भाषा मिळालेली नव्हती. शाळा नाही, दुसरा बधिर माणूस पाहिलेला नाही, घरच्यांशी पाच-पंचवीस खुणा. गावात त्यांना 'लाटो' म्हणतात, आपल्याकडे मुका म्हणून हाक मारतात तसं. अशीच एक तिशीची बाई तिच्या आईबरोबर आली. मुलीला दिदी शिकवू लागल्या. म्हातारी बाहेर ओट्यावर बसून राहायची, आत यायला लाजायची. हात हलवत बोलणं तिला माकडचेष्टा वाटत होती. दिदी मला म्हणाल्या, आईला तुम्ही घ्या. तुम्हीही ऐकणाऱ्या, तीही ऐकणारी; आमचं ती मानणार नाही.

मग मी आणि ती म्हातारी ओट्यावर मटार सोलत बसायला लागलो. ती नेपाळीत बोलायची, मी मोडक्या हिंदीत. मी म्हणाले, मीपण आयांना हेच सांगत होते, घरी खुणा करू नका. मग चुकलं माझं. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी तिनं एक दाणा उचलून मला विचारलं, याला काय करतात? मटाराची खूण मलाच येत नव्हती. दोघी आत गेलो विचारायला. तिच्या लेकीनंच दाखवली, आठवडाभरापूर्वी शिकलेली. म्हातारीनं ती तिच्यासमोर करून पाहिली. लेकीनं तिचं बोट धरून नीट केलं.

त्या म्हातारीला महिन्याभरात चाळीसेक खुणा आल्या. मुलीला त्याच्या कित्येक पट. जुलैत मी परत निघाले, तोवर आणखी तीन आया ओट्यावरून आत आल्या होत्या. पाच महिन्यांत माझं काम एवढंच, बाकी कांड्या.

तुमच्यापैकी ज्यांना असं कुठं जायचंय, त्यांना एक-दोन गोष्टी सांगते. दोन आठवड्यांसाठी जाऊ नका. तेवढ्या वेळात त्यांनाच तुमचं करावं लागतं. जायच्या आधी विचारा, संस्था कोण चालवतं. ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यातला एकही माणूस निर्णय घेणाऱ्यांत नसेल तर नका जाऊ. आणि ज्या कामाचे पैसे तिथल्या माणसाला मिळू शकतात, ते काम फुकट करून त्याचा रोजगार बुडवू नका. फोटोंबद्दल मी काही बोलत नाही, माझ्याकडे एकच आहे, मागाचा.

परत आल्यावर इथं काय केलं, हेही विचारता, म्हणून सांगते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा आहे, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा कोश केला आहे. पण कोशातून भाषा येत नाही. उमरेडकडचा तो मुलगा आता चाळिशीचा आहे, गांधीबागेत एका छापखान्यात काम करतो. मी त्याच्या घरी गेले आणि म्हणाले, मला शिकवशील का? तेव्हापासून तो दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे येतो. शिकवणीचे पैसे घेतो. मीच तसं ठरवलं. नेपाळच्या खुणा मधेच घुसतात, तेव्हा तो टेबलावर थाप मारून थांबवतो.

एकदा धीर करून मी त्याला त्या मारबतीच्या दिवसाबद्दल विचारलं. टाकीमागे काय सांगत होतास, सगळे इतके का हसत होते? त्यानं आठवून पाहिलं. त्याला काही आठवलं नाही.

पण त्यानं दुसरं सांगितलं. शाळेत प्रत्येक मॅडमला मुलांनी खुणेचं नाव ठेवलं होतं. तुमचं माहीत आहे का? नव्हतं. त्यानं दोन्ही तळवे पालथे करून हवेतून खाली दाबले. हात खाली.

मी त्याला माझं तानसेनला पडलेलं खुणेचं नाव करून दाखवलं. डाव्या हाताचं बोट आडवं, त्याभोवती उजवा हात गोल, कांडी भरल्यासारखा. त्याला ते आवडलं. दोनदा करून पाहिलं त्यानं, बायकोलाही दाखवलं. पण मला हाक मारताना तो अजून जुनंच नाव वापरतो. मी त्याला बदल म्हटलं नाही.