३.३ व्होल्ट बरोबर होते

जुलैचा पहिला आठवडा. साताऱ्यात दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात मेढ्याकडचे एक काका गोधडीत गुंडाळलेला ३२ इंची एलईडी टीव्ही छातीशी धरून आत आले. गोधडीवर प्लास्टिकचा कागद. काका चिंब भिजलेले, टीव्ही कोरडा ठणठणीत. सेट मी लगेच ओळखला. आठच दिवसांपूर्वी मीच दुरुस्त करून दिला होता.

“दादा, परत तसंच व्हाय लागलंय,” काका म्हणाले आणि बाकावर बसले. रस्त्याकडेला त्यांचं चहा-भज्यांचं छोटं हॉटेल आहे. टीव्ही तिथलाच. तो घेऊन एसटीनं यायचं म्हणजे त्यांचा सगळा दिवस जातो.

तक्रार अशी होती, की टीव्ही चालू केला की अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालतो. मग अचानक पडदा काळा, लाल लाईट, पुन्हा कंपनीचा लोगो, पुन्हा काळा. बंद करून तासभर ठेवला की परत चांगला. जूनमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा तर तो लोगोपर्यंतही जात नव्हता. दुसऱ्या एका दुकानात त्यांना “बोर्डच बदलावा लागेल” असं सांगितलं होतं. मी बोर्ड काढून सप्लाय, म्हणजे वेगवेगळ्या भागांना मिळणारी व्होल्टेज, तपासले. १२ व्होल्ट ठीक, ५ व्होल्ट ठीक, प्रोसेसरचा १.१ आणि मेमरीचा १.५ ठीक. ३.३ च्या जागी मात्र २.१ व्होल्ट, आणि तो देणारा १११७ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारी छोटी चिप, इतका तापलेला की बोट टेकवता येईना. तो काढला, नवा लावला, ३.३१ व्होल्ट आले, चित्र आलं. तासभर टेबलावर चालवला आणि देऊन टाकला.

आता दुसऱ्यांदा बोर्ड उघडल्यावर माझं लक्ष एका खुणेकडे गेलं. रेग्युलेटरच्या कडेला जुन्या फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर करताना लावतात त्या राळेसारख्या पदार्थाचा, करपलेला पिवळा डाग होता आणि तो फ्लक्स माझा नव्हता. म्हणजे माझ्याही आधी तो रेग्युलेटर कुणीतरी एकदा बदललेला होता. हा डाग मला पहिल्याच दिवशी दिसला होता. मी त्याचा विचार केला नाही, ही माझी सरळसरळ चूक. एकाच जागेवरचा भाग दुसऱ्यांदा जळतो, तेव्हा दोष त्या भागात शोधायचा नसतो.

त्यात मी काकांना पहिल्या वेळी काय सांगितलं होतं? “टीव्ही भट्टीजवळ आहे ना, उष्णतेनं होतंय. जागा बदला.” त्यांनी खरंच जागा बदलली होती. भिंतीला नवीन भोकं पाडून टीव्ही दाराजवळ नेला होता. ते ऐकल्यावर मी ठरवलं, की आज दुसरं काम हातात घ्यायचं नाही.

बोर्ड टेबलावर घेतला, मीटर लावला. ३.३१ व्होल्ट. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास झाला तरी ३.३१ च. माझ्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, “दादा, हा तर परफेक्ट आहे.” मग मी डोक्यावरचा पंखा बंद केला, बोर्ड परत टीव्हीत बसवला, प्रोबला बारीक वायरी डकवून त्या बाहेर काढल्या आणि मागचं कव्हर स्क्रूसकट बंद केलं. जूनमध्ये मी हेच केलं नव्हतं. उघड्या बोर्डवर, पंख्याच्या वाऱ्यात केलेली तपासणी म्हणजे रोग्याला बर्फावर झोपवून ताप मोजणं. ३८ व्या मिनिटाला मीटरचा आकडा ३.३१ वरून झर्रकन खाली आला आणि टीव्ही लोगोवर गेला.

इथे नवीन मुलांसाठी थोडं थांबतो, कारण या जागी पुष्कळ जण फसतात. १११७ हा लीनिअर रेग्युलेटर. ५ व्होल्ट आत, ३.३ बाहेर, मधले १.७ व्होल्ट तो स्वतःच्या अंगावर उष्णता करून जाळतो. किती उष्णता, ते करंटवर ठरतं. त्याचं कामच असं, की ओझं वाढलं तरी बाहेरचं व्होल्टेज जागचं हलू द्यायचं नाही. म्हणून लाईनवर दुप्पट-तिप्पट करंट ओढला जात असला तरी मीटर ३.३१ च दाखवतो. पार तापून आतलं संरक्षण चालू झालं, की मगच तो हात सोडतो. व्होल्टेज बरोबर आहे एवढ्यावरून तो सुखात आहे असं म्हणता येत नाही.

आणखी एक. ज्यांचा हात पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर, ७८०५ या जुन्या रेग्युलेटरवर बसला आहे, ते मीटरचा काळा प्रोब सवयीनं रेग्युलेटरच्या पत्र्याला लावतात. ७८०५ चा पत्रा ग्राउंड असतो. १११७ चा मागचा रुंद टॅब म्हणजे आउटपुट. तिथे ग्राउंड समजून प्रोब लावला तर आकडे चुकतात, आणि तो घसरून दुसऱ्या पायाला टेकला तर चांगला बोर्डही जाऊ शकतो.

तर, आता करंट मोजायचा होता. रेग्युलेटरचा तिसरा पाय, म्हणजे इनपुट, गरम करून अलगद उचलला आणि मीटर १० अँपिअरच्या रेंजवर टाकून मध्ये जोडला. टीव्ही चालू केला. ०.६८ अँपिअर.

हा आकडा जास्त की बरोबर? नुसता आकडा काही बोलत नाही. नशिबानं पॅनल फुटलेला त्याच मॉडेलचा एक सेट माळ्यावर पडून होता. त्याचा बोर्ड खाली काढला, तशीच जोडणी केली. ०.२७ अँपिअर.

हिशेब सोपा होता. चांगल्या बोर्डवर रेग्युलेटर अर्धा वॅटही जाळत नव्हता. काकांच्या बोर्डवर १.७ गुणिले ०.६८, म्हणजे जवळजवळ १.१६ वॅट. या आकाराच्या रेग्युलेटरला बोर्डवर तांबं कमी असेल, तर एका वॅटमागे त्याचं तापमान ८०-९० अंशांनी वाढतं. बंद कव्हरच्या आतली ५० अंशांची हवा त्यात मिळवा. १११७ च्या डेटाशीटमध्ये आतल्या सिलिकॉनची मर्यादा १२५ अंश लिहिलेली असते. हा रोज त्याच्या कितीतरी वर शिजत होता.

आता ही लाईन इतकं खातं कोण, हे शोधायचं. जूनमध्ये मी मीटरचा बझर, म्हणजे वाट थेट जोडली गेली असेल तर वाजणारी तपासणी, लावून पाहिला होता. वाजला नाही, म्हणून लाईन शॉर्ट नाही असं धरलं. पण मीटर बझरवर असताना लाईनला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. एखाद्या चिपच्या आत इजा झालेली जागा पूर्ण ३.३ व्होल्ट मिळाल्यावरच वाहायला लागते, आणि बझर गप्प राहतो.

३.३ व्होल्ट बोर्डभर फिरतात, पण प्रत्येक भागाकडे जाताना वाटेत एक छोटा फेराइट बीड, म्हणजे विजेतला गोंगाट अडवणारा तुकडा, असतो. एकेक बीड उचलून करंट बघायचा. पहिला यूएसबीकडचा, फरक नाही. दुसरा ऑडिओकडचा, ०.०२ चा फरक. हे काम चिकट आहे. तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा, एक टोक गरम केलं की दुसरं टोक पॅडसकट उखडायची भीती. मध्येच लाईट गेली. काका चहा घेऊन आले, आमच्या दोघांसाठी, स्वतःच्या पैशांनी. चौथा बीड अँटेनाच्या सॉकेटजवळचा होता. तो उचलला आणि मीटर ०.६८ वरून थेट ०.१९ वर आला.

ट्यूनर, म्हणजे अँटेना-केबलवरून चॅनेल पकडणारा भाग! तोही पत्र्याच्या झाकणाखाली, चारी बाजूंनी सोल्डर केलेला, म्हणून त्याची उष्णता बोटाला कधी लागलीच नाही. बीड परत जोडला, झाकण काढलं, आतल्या चिपवर आयपीएचा, म्हणजे बोर्ड साफ करायच्या अल्कोहोलचा, थेंब टाकला. क्षणात उडून गेला, म्हणजे चिप तापलेली. शेजारच्या चिपवरचा थेंब तसाच ओला.

मी काकांना विचारलं, “अँटेनाच्या भोकात काही लावता का?”

“न्हाई वो. डिशचा डबा हाय, त्याची चपटी पिन लावतो.” थोडं थांबून म्हणाले, “पूर्वीच्या केबलवाल्याची वायर हाय मागं खोचलेली. ती कशाला काढायची म्हणून ऱ्हायली.”

“उन्हाळ्यात वीज पडली होती का कुठं?”

मे महिन्यात वळवाच्या पावसात हॉटेलमागच्या आंब्यावर वीज पडली होती. त्या दिवशी टीव्ही बंद होता, दुसऱ्या दिवशी नीट लागला, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला होता. ती केबल अजून खांबावरून त्याच आंब्याजवळून येत होती. तिचं दुसरं टोक कुठेच जोडलेलं नव्हतं आणि हे टोक टीव्हीच्या ट्यूनरमध्ये. वीज पडल्यानं केबलमध्ये आलेल्या झटक्यानं चिप पूर्ण मेली नाही, अर्धवट फुटली. एचडीएमआयवर, म्हणजे डिशच्या त्या चपट्या पिनेवर, चित्र दिसत राहिलं, म्हणून ट्यूनर गेल्याचं कुणाला कळलंच नाही. त्याची शिक्षा रेग्युलेटर भोगत राहिले, एकामागून एक तीन.

ट्यूनरची चिप मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळाली असती, पण काकांना तिचा उपयोग नव्हता. बीड कायमचा काढून ट्यूनरचा सप्लाय तोडला. काही सेट ट्यूनर सापडला नाही की लोगोवर अडून बसतात, तेवढी धाकधूक होती. हा सुरू झाला. नवा रेग्युलेटर लावताना टॅबखालचं तांबं नीट तापवून सोल्डर सगळीकडे पसरेल असं पाहिलं. हा टॅब नुसता कडेला चिकटवला, तर उष्णता बोर्डात उतरतच नाही.

मग कव्हर बंद, पंखा बंद, टॅबला तापमानाचा प्रोब, आणि चार तास टीव्ही चालू. काका शेवटच्या एसटीपर्यंत थांबायला तयार होते. ४५ अंश, ५८, ६४, आणि ६६ वर काटा स्थिरावला. मी पैसे घेतले नाहीत. भिंतीतल्या नव्या भोकांबद्दल त्यांची माफी मागितली. “भट्टीपाशी टीव्ही परत न्या, गिऱ्हाइकाला तिथंच सोयीचा असेल,” असंही सांगितलं. ते म्हणाले, “आता दारापाशीच बरा हाय, रस्त्यावरनं दिसतो.” जाताना ती केबलची वायर आजच काढून टाकायचं कबूल केलं.

दुकानात माझी एक वही आहे. मॉडेलप्रमाणे प्रत्येक सप्लायचं व्होल्टेज त्यात लिहिलेलं असतं, बरीच वर्षं भरत आलोय. त्या रात्री शटर लावण्याआधी मुलाला ती उघडायला लावली आणि त्या मॉडेलच्या ३.३ व्होल्टपुढे नवा रकाना आखून लिहून घेतलं: चांगला बोर्ड ०.२७ अँपिअर, ट्यूनर तोडून ०.१९. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे उरलेले बोर्ड खाली काढले आणि त्यांचे करंट मोजायला सुरुवात केली.