मुरगावहून मुंबई, क्रूझने: केबिन घेण्याआधी डेकचा नकाशा उघडा

मुरगाव बंदरातून संध्याकाळी सुटलेलं जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईला लागतं. म्हणजे केबिनमधला वेळ बहुतेक झोपेचा. एवढ्यासाठी बाल्कनीचे जादा पैसे मोजू नयेत, त्यापेक्षा केबिन जहाजाच्या कोणत्या भागात आहे ते डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या, नकाशावर पाहावं. बाल्कनी हवीच असेल तर कोची-लक्षद्वीपच्या चार-पाच रात्रींच्या फेरीत घ्या. तिथे अख्खा दिवस समुद्रावर जातो आणि पैसे वसूल होतात.

खिडकीची केबिन घेणार असाल तर बाजू महत्त्वाची. मुंबईकडे, म्हणजे उत्तरेला जाताना किनारा उजव्या हाताला राहतो आणि सूर्यास्त डाव्या हाताला. सकाळी मुंबईच्या बंदरात शिरताना कुलाबाही डावीकडेच दिसतो. तेव्हा गोव्याहून चढणाऱ्यांनी डावी बाजू मागावी. परतीला सूर्यास्त उजवीकडे जातो, पण सकाळी आग्वादचा किल्ला आणि काबो भूशिरावरचा, राज्यपालांच्या निवासस्थानाचा कडा डावीकडे येतो. उशिरा उठणाऱ्यांनी परतीला उजवी घेतली तरी चालेल. केबिन नंबरवरून बाजू ओळखायची पद्धत प्रत्येक जहाजावर वेगळी असते. सम-विषमावर अंदाज बांधू नका, नकाशावर जहाजाचं तोंड कुठे आहे ते बघा. धक्क्याला उभं असताना मात्र खिडकीबाहेर काय येईल याचा भरवसा नाही. मुरगाव हे कोळसा आणि खनिजाचं बंदर आहे, समुद्राऐवजी क्रेन दिसली तर रुसू नका.

आता डोलण्याचं. जहाज सी-सॉसारखं पुढे-मागे वर-खाली होतं आणि आडवंही कलतं. मधोमध आणि खालच्या डेकवर दोन्ही झोके सगळ्यांत कमी बसतात. वरच्या डेकवरची महागडी केबिन नजाऱ्यासाठी ठीक, पोटासाठी नाही. पुढच्या टोकाला लाटा आपटल्याचे दणके ऐकू येतात. शिवाय धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवणारे थ्रस्टर तिथेच, पाण्याखाली असतात. खालच्या डेकवर पुढे झोपलेल्याला पहाटे गजराची गरज पडत नाही. मागच्या टोकाला जहाज ढकलणाऱ्या पंख्याची (प्रॉपेलरची) थरथर असते: टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला की पाण्यावर बारीक वलयं उठत राहतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतेच असं नाही.

मग आवाज. नकाशावर आपल्या केबिनच्या नेमकं वर आणि नेमकं खाली काय आहे ते बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर ती केबिन बिनधास्त घ्या. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा खरखराट, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत बेसचे ठोके. नकाशावर नाव न लिहिलेले कोरे चौकोन बहुधा कर्मचाऱ्यांच्या पँट्रीचे असतात, तिथे ट्रॉल्या फिरतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर लिफ्टपासून दोन-तीन दारं सोडून घ्या, अगदी समोर नको. दोन केबिनींमध्ये आतून दार असेल तर कुटुंबाची सोय होते, पण शेजारी अनोळखी निघाले तर त्यांचं घोरणंही आपल्या वाट्याला येतं.

‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, कारण नंबर कंपनी ठरवते. वरचं सगळं पाहणं मग निरर्थक. ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ म्हणजे खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली, फक्त उजेड हवा असेल तर हा सौदा चांगला.

चौघांच्या केबिनमध्ये तिसरा-चौथा पलंग भिंतीतून किंवा छतातून उघडतो आणि चढायला शिडी असते. गुडघेदुखीवाल्यांची नावं खालच्या पलंगावर आधीच सांगून ठेवा. चार कडक सुटकेसेस उघडायला जागा नसते. मऊ बॅगा आणा, त्या पलंगाखाली सरकतात. भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक नेले की ओले टॉवेल आणि टोप्या टांगता येतात. इस्त्री आणि किटली बहुतेक जहाजांवर चढताना काढून ठेवतात, एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, पहिल्या रात्री अंगठा तिथेच ठेचतो. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की काळोख ठार. बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवा.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधं, चार्जर आणि ओळखपत्र त्याआधी हातातल्या पिशवीत काढून घ्या, कारण ती बॅग मग थेट मुंबईच्या धक्क्यावरच दिसते.