कुठलेही चालेल

शनिवार, रात्री

फॉर्म साधाच. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक आणि खाली तीन चौकटी: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. नववीचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते, कोण कुठल्या क्लबात ते लावत. 29वा फॉर्म त्याचा. तिन्ही चौकटींवरून आडवी एकच ओळ. कुठलेही चालेल. आणि पुढे पूर्णविराम.

सकाळपासून तो पूर्णविराम डोक्यातून जात नाही.

ही पोरं पूर्णविराम देत नाहीत. निबंधात देत नाहीत, पत्रलेखनात देत नाहीत. मी लाल शाईने देऊन देऊन थकले. आणि ह्याने क्लबच्या फॉर्मवर दिला, पेन चांगलं टेकवून. विषय संपला, पुढे विचारू नका.

असा फॉर्म आला की त्या मुलाला जागा उरलेली असेल तिथे टाकतात. जागा कुठे उरते ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. इकोवाल्या बाईंनी वह्यांतून मान वर न काढताच सांगितलं, "भित्तिपत्रकात घाल गो त्याला."

घातला. यंदा माझ्याकडे 11 जण झाले. त्यांत फक्त दोघींची पहिली पसंती भित्तिपत्रक, आणि त्या दोघी एकमेकींशिवाय पाण्यालाही जात नाहीत. बाकीचे रोबोटिक्समध्ये न मावलेले. सरकारची कोडिंग-रोबोटिक्सची योजना शाळाशाळांत आल्यापासून तिकडे रांग असते. चाकं लावलेली पेटी व्हरांड्यातून एकदा गरगरत गेली की भिंतीकडे कोण बघतो? घुमटवाल्यांचा, म्हणजे मातीच्या घटाला कातडं मढवून वाजवणाऱ्यांचा, तर तोराच वेगळा. 2019 मध्ये घुमट गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं, तेव्हापासून प्रत्येक पाहुण्यापुढे घुमट आरती ठरलेली. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद, आता बकऱ्याचं मढवतात. पावसात ते ढिलं पडतं म्हणून प्रयोगशाळेत दिव्याखाली घुमटं शेकत ठेवलेली असतात, आणि शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे जाता-येता त्यांची विचारपूस करतात. इको क्लबकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरहून चोडण बेटावर जायचं, पक्षी दिसोत न दिसोत, फेरीबोट तरी मिळते.

माझ्याकडे टाचण्या आहेत.

ह्या दिवसांत सॉफ्टबोर्ड फुगून पोट काढतो. टाचण्या गंजतात. कविता उतरवली की तिच्या चारी कोपऱ्यांना तांबडे डाग. मागच्या चवथीला, गणेश चतुर्थीला, माटोळीवर अंक केला होता, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीवर. कवंडळ, कांगलां, घागऱ्या, करमळं, आंबाडे, सुपारीचं शिपटं, सगळी नावं मुलांनी घरी आजीला विचारून आणली होती, चित्रं काढली होती. तो अंक अजून बोर्डावरच आहे. काचेच्या आत बुरशी धरली आणि सगळा बोर्ड चवथ उलटून महिना झाला तरी माटोळी न उतरवलेल्या घरासारखा दिसायला लागला. चूक माझीच, मीच उतरवला नाही. पण कुणी विचारलंही नाही, टीचर, नवा अंक कधी?

चालेल म्हणजे काय? आवडेल असं नाही, हवं असं नाही. नसलं तरी अडणार नाही, असलं तर असू दे. घरी रोज ऐकते. भाजी कसली करू? कुठलीही चालेल. मग ताटात तोंडली पडली की जो चेहरा होतो... जाऊ दे. दुपारी ताईचा फोन येऊन गेला, बोरीच्या घराचंच पुन्हा. त्यावर आज लिहीत नाही.

19 वर्षं मी त्या बोर्डाची काच पुसते आहे आणि नववीतला एक मुलगा मला कुठलेहीमध्ये जमा करतो. हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचंच हसू आलं, पण खोडत नाही. सकाळी अगदी हेच वाटत होतं.

म्हणून त्याला रिसेसमध्ये बोलावलं. समजून घ्यायला वगैरे नाही, चक्क जाब विचारायला. "काय रे, तुला कशाचीच आवड नाही?"

तो चपलांकडे बघत राहिला. "आवडटा, टीचर."

"मग चौकटी कोऱ्या का?"

"म्हजी बस चुकता."

सावईवेऱ्याची बस एक वीसला. ती गेली की पुढची तीनला. रोबोटिक्स शनिवारी दीडपर्यंत चालतं. घुमटाचा सराव शाळा सुटल्यावर. इको क्लब रविवारी, आणि रविवारी हा बापाबरोबर कुळागरात, सुपारीच्या बागेत, असतो. "बेगीन सोंपता तो खंयचोय चलता," म्हणाला. म्हणजे फॉर्मवर वाक्याचा अर्धाच भाग आला होता. लवकर सुटेल तो, हे लिहायचं राहिलं. का लिहील? चौकटींवर पसंती म्हटलंय, बस कुठे म्हटलंय?

शाळेत फक्त एक क्लब घंटेच्या आधी सुटतो. घरी लवकर जायचं असतं म्हणून ती वेळ मीच ठरवून घेतली होती.

ह्यावरून ते आठवलं. ती बैठक. सरांनी क्लबांची यादी फिरवली होती आणि कागद माझ्यापर्यंत आला तोवर ज्याने त्याने आपापलं नाव घालून टाकलं होतं. मी म्हटलं होतं, सर, मला कुठलाही चालेल. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा. सासूबाई त्याला दोनपर्यंतच सांभाळायच्या, दोन म्हणजे दोन. सरांनी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भित्तिपत्रक माझ्या फार जवळचं आहे अशी पुढे शाळाभर समजूत झाली. हळूहळू माझीही.

शेवटच्या तासाला तो आला. बाकीचे दहाजण रंगीत कागदांवरून भांडत होते. पोपटी कुणालाच नको असतो. हा सरळ बोर्डापाशी गेला. टाचण्यांची डोकी निघून आली होती, नखाला लागत नव्हत्या. ह्याने कंपासपेटीतला डिव्हायडर काढला, टोक आत घालून एकेक उचकटली. कागद एकही फाटला नाही. टाचण्या खिडकीच्या कट्ट्यावर मांडल्या, गंजलेल्या एकीकडे, चालण्यासारख्या दुसरीकडे. चालण्यासारख्या सात निघाल्या. कवंडळाच्या चित्रापाशी जरा थांबला आणि म्हणाला, "पान चुकलां." मी म्हटलं, मग तू काढ बरोबर. त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एक वाजून पाच मिनिटांनी दप्तर उचललं, छत्री घेतली आणि गेला. येतो टीचर, वगैरे काही नाही.

यादी सोमवारी सरांकडे द्यायची आहे. मघाशी जेवणं झाल्यावर ती पुरी करायला बसले. त्याच्या नावापुढचा पसंतीचा रकाना कोरा ठेवता येत नाही, सर परत पाठवतात. खूप वेळ पेन धरून बसले आणि मग लिहून टाकलं: बस.

पूर्णविरामासकट. सरांना हवं तसं वाचू दे.